दाभणमावशीची दुसरी साक्ष

आमच्या शेडमध्ये ताडपत्र्या शिवल्या जायच्या. ट्रकवर बांधायच्या, गोदामावर घालायच्या, बंदरात उघड्यावर पडलेल्या मालावर पसरायच्या, सगळ्या तऱ्हेच्या. सरळ शिवण यंत्र मारतं, पण कोपरे, दोर घातलेले काठ आणि दुरुस्तीला आलेल्या जुन्या ताडपत्र्या यंत्राच्या आवाक्यातल्या नसतात. तिथे दाभण आणि मेण लावलेला दोरा घेऊन माणसालाच बसावं लागतं. ते काम तिच्याकडे होतं, म्हणून तिचं नाव दाभण. मुकादम म्हणायचा, नाव कामावरून नाही, जिभेवरून पडलंय. ते ऐकून ती खूश व्हायची. शेडमधल्या लहान बायका तिला दाभणमावशी म्हणायच्या. मी तिच्याच वयाची, शेजारच्या बाकावर बसणारी, म्हणून मला नुसतं दाभण म्हणायची मुभा होती.

तिचा नवरा फार लवकर गेला. मुलगा एकच. तो मालवाहू जहाजावर, खाली इंजिनात काम करायचा आणि वर्षातून एकदा तीन आठवड्यांच्या रजेवर घरी यायचा. बाकी वर्षभर घरात सासू, सून आणि चार वर्षांची नात. सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एकीला खिडकी, दुसरीला नाही. सून चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. सासू-सुनेचं रोज भांडण व्हायचं आणि संध्याकाळपर्यंत ते कशावरून होतं हे दोघींना आठवायचं नाही. सून मला म्हणायची, "आईंना दिसत नाही, पण मी केलेला चष्मा त्या लावणार नाहीत. लावला तर माझं काम चांगलं आहे हे दिसेल ना."

सुनेला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि सातव्या महिन्यात तिला धाप लागायला लागली. जिना चढताना ती तीन ठिकाणी बसायची. पायांवर सूज, रात्री उशीला टेकून बसूनच झोप. मूल पोटातच गेलं. तपासण्यांमध्ये कळलं की तिच्या हृदयाची एक झडप लहानपणापासून खराब आहे, पहिल्या बाळंतपणात ती कशीबशी निभावली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. पुन्हा दिवस राहिले तर मूलही हाती लागायचं नाही आणि आईही.

दाभण म्हणाली, मग लगेच तांबी बसवून टाका.

तेव्हा आमच्या राज्यात कायदा असा होता की लग्न झालेल्या बाईला गोळ्या हव्या असोत, तांबी हवी असो की ऑपरेशन, नवऱ्याने दवाखान्यात समक्ष येऊन संमतीची सही करायची. मग महिनाभर थांबायचं, कोणाचा विचार बदलतो का ते बघायला. महिना संपला की आठवड्याच्या आत दोघांनी पुन्हा समक्ष यायचं, पुन्हा सही करायची, आणि मगच उपाय. पुरुषाच्या ऑपरेशनलाही तोच महिना आणि त्याच दोन फेऱ्या. कायद्याला मोठं नाव होतं, कुटुंबाच्या रक्षणाचं काहीतरी. आम्ही त्याला दोन सह्यांचा कायदा म्हणायचो. दुकानात मिळणारी निरोधची पाकिटं तेवढी मोकळी होती, पण सुनेचं दुसरं मूल नेमकं त्याच भरवशावर राहिलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे हृदय त्या भरवशावर सोडायला मी तयार नाही.

म्हणजे सही हवी दोनदा, महिन्याच्या अंतराने, आणि सही करणारा घरी येणार तीन आठवडे.

दाभणने विचारलं, "मी सही केली तर? मी त्याची आई आहे. त्याच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं मीच सही करत होते."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण त्यांचे डोळे हसले नाहीत. म्हणाल्या, "तुमची चालत नाही आणि हिचीही चालत नाही. दोघीही सारख्याच."

त्या वर्षी मुलगा रजेवर आला तेव्हा त्याने कंपनीकडे रजा वाढवून मागितली. कंपनीने नाही म्हटलं नाही. एवढंच सांगितलं की परत येशील तेव्हा जागा रिकामी असेलच असं नाही. घर बरंचसं त्याच्याच पगारावर चालत होतं. तो म्हणाला, गेली नोकरी तर गेली. सून म्हणाली, मग माझं औषधपाणी कशावर करणार?

अशा वेळी दाभणने आपल्या पद्धतीने मार्ग काढला. मुलाची पेटी अजून उघडलीही नव्हती, तेव्हाच तिने त्याला सांगितलं की तू मामाकडे झोपायला जायचं, दिवसा इथे जेवायला ये. मुलाला आधी गंमत वाटली, मग राग आला. "आई, बायको माझी आहे," तो म्हणाला.

"तुझी आहे म्हणूनच सांगतेय."

शब्दाला शब्द वाढत गेला. तो म्हणाला, मी काय जनावर आहे का, मला कळत नाही का. ती म्हणाली, तुझ्या बापालाही सगळं कळत होतं. सून तेवढा वेळ दारात उभी होती, हातात नातीची ओली फ्रॉक. तिने दोघांना बोलू दिलं आणि मग हळू आवाजात म्हणाली, "माझ्या अंगाबद्दल तुम्ही दोघं बोलताय. सरकारही बोलतं. मला कोणी विचारणार आहे का?"

दाभणने मला हे सांगितलं तेव्हा ती सुईत दोरा ओवत होती, आणि ती सुई तशीच हातात राहिली. म्हणाली, पोरीने आवाज चढवला असता तर मी उत्तर दिलं असतं. तिने चढवला नाही, म्हणून माझं तोंड बंद झालं.

शेवटी सुनेनेच ठरवलं. मुलगा घरीच राहील, कारण नातीला बाप वर्षातून एवढाच मिळतो. तो बाहेरच्या खोलीत झोपेल, ती आतल्या खोलीत मुलीजवळ आणि सासूजवळ. तो मुकाट्याने कबूल झाला. रजा अशीच गेली, दोघं एकाच घरात पाहुण्यांसारखी. मुलगा सुनेला चष्म्याच्या दुकानापर्यंत पोहोचवायला जायचा आणि आणायलाही जायचा, आणि रस्त्यात हात धरायचा. घरात हात लावायलाही भ्यायचा. दाभणला ते दिसत होतं. आपल्याच घरात आपण पहारेकरी झालो, हे तिच्या जिवाला लागलं. तो परत गेला त्या दिवशी ती कामावर आली खरी, पण तिच्या हातून एक कोपरा उलटा शिवला गेला. मुकादमाने तो पाहिला आणि उसवायला दिला.

आमच्या शेडमध्ये दाराजवळ एक प्रेस होती, ताडपत्रीला पितळी कड्या ठोकायची. ती चालवणारी बाई फार कमी बोलायची, म्हणून तिला सगळ्या अबोली म्हणायच्या. तिला पाच मुलं. नवरा घरं रंगवायचा. आज त्याला सहीसाठी विचारते, असं ती एकदा शेडमध्ये म्हणाली होती, आणि दुसऱ्या दिवशी गाल सुजवून आली होती. तिने कोणाला काही सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

तीच अबोली एकदा दुपारच्या सुट्टीत दाभणच्या बाकाशी येऊन उभी राहिली. विधानसभेत दोन सह्यांच्या कायद्यात बदल करायचं चाललं होतं. त्यासाठी आमदारांची एक समिती गावोगावी जाऊन लोकांचं म्हणणं ऐकत होती, आणि ती आमच्याकडे नगरभवनात येणार होती. अबोलीने ते रेडिओवर ऐकलं होतं. म्हणाली, "मावशी, तुम्हाला बोलता येतं. सगळ्यांसाठी बोला."

दाभणने सुनेला विचारलं. सून म्हणाली, नगरभवनाचे जिने मला चढवणार नाहीत, तुम्ही बोला, फक्त मला बिचारी करू नका. अबोली आणि मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिच्याबरोबर गेलो.

नगरभवनाचा वरचा हॉल. उंच खिडक्या, धूळ बसलेले पंखे, समोर लांब टेबल आणि त्यावर पाण्याचे तांबे. टेबलामागे पाच जण बसलेले, त्यांत एक बाई. आमच्या आधी एक धर्मोपदेशक बोलले, एक वकील बोलला, कॉलेजातली एक मुलगी कागद बघून बोलली. दाभणजवळ कागद नव्हता. तिने उभं राहून मुलाची नोकरी सांगितली, सुनेची झडप सांगितली, तीन आठवडे आणि एक महिना यांची गोष्ट सांगितली. बाहेरच्या आणि आतल्या खोलीचंही सांगितलं.

समितीत एक पांढऱ्या केसांचे आमदार होते. आवाज मऊ, बोलणं अदबीचं. ते पुढे वाकून म्हणाले, "म्हणजे बाई, नवऱ्याची संमती घ्यावी याला तुमची हरकत नाही. तो समुद्रावर असतो, म्हणून सही वेळेत होत नाही, एवढीच तुमची अडचण. बरोबर?"

दाभण थांबली. मी मागून तिची मान बघत होते. मला वाटलं, आता ही दाभण मारणार. पण समोरचा माणूस तिच्याशी चांगलं बोलत होता. ती म्हणाली, "बरोबर."

त्यांनी ते लिहून घेतलं, आभार मानले आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

थोड्याच महिन्यांत कायदा बदलला. जहाजावर आणि सैन्यात काम करणाऱ्यांच्या बायकांसाठी सवलत मिळाली. नवऱ्याचं संमतीपत्र टपालाने आलं, त्यावर वरिष्ठाचा शिक्का असला की पुरे. समक्ष यायला नको, महिनाभर थांबायला नको. विधानसभेत कोणीतरी भाषणात एका खलाशाच्या आईचा उल्लेख केला होता, तो पेपरात आला. संमतीपत्र यायला जहाजाची दोन बंदरं गेली, पण आलं. सुनेला तांबी बसली. त्या संध्याकाळी सून घरी आली, तिने बाहेरच्या खोलीतली नवऱ्याची रिकामी गादी उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन टाकली. दाभण म्हणाली, मी काही विचारलं नाही, मी माझं अंथरूण घेऊन बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने शेडमध्ये सगळ्यांना चहा सांगितला. असलं त्याने आधी कधी केलं नव्हतं. म्हणाला, आपल्या शेडने कायदा शिवला. बायका हसल्या, दाभणही हसली. अबोली चहा घेऊन तिच्याजवळ आली.

"मावशी, सुनेचं झालं ते चांगलं झालं," ती म्हणाली. मग चहाचा शेवटचा घोट घेऊन, "माझा नवरा समुद्रावर नसतो ना. तो रोज घरी असतो."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने कप विसळला आणि प्रेसवर जाऊन बसली.

आम्ही नंतर ऐकलं की बाकीच्या बदलाचं काम तिथेच थांबलं. लोकांनी मांडलेली अडचण दूर झाली आहे, असा समितीने अहवाल दिला होता.

पुढच्या वर्षी अबोलीला सहाव्यांदा दिवस गेले. पोट पुढे आलं तरी ती प्रेस चालवत होती, नंतर मुकादमाने तिला बळजबरीने बसायचं काम दिलं. बाळंत होताना रक्त थांबेना. सकाळी नेलेली बाई संध्याकाळी टेबलावरच होती. तिला वाचवायला डॉक्टरांना पिशवी काढावी लागली. बाळ जगलं, तीही जगली. कामावर परत आली तेव्हा कपडे अंगावर लोंबत होते. प्रेसचा दांडा ओढायचं बळ नव्हतं, म्हणून तिला दाभणच्या समोर दोऱ्याला मेण लावायला बसवलं.

पहिल्याच दिवशी, मेण चोळता चोळता, वर न बघता ती म्हणाली, "पिशवी काढताना कोणी सही मागितली नाही, मावशी."

त्यानंतर दाभण बरेच दिवस कोणाला टोचून बोलली नाही. मुकादमाने मुद्दाम खोडी काढली तरी ती नुसती मान हलवायची. एकदा शेड सुटल्यावर ती माझ्याबरोबर चालत होती, आणि तिने ते बोलून टाकलं. त्या दिवशी हॉलमध्ये तिला कळलं होतं. तो माणूस विचारत होता तेव्हाच कळलं होतं की तो गाठ मारतोय, आणि गाठीच्या आत सून येईल, अबोली बाहेर राहील. "पण मला माझ्यापुरतं मिळत होतं गं," ती म्हणाली. "हातात आलेलं सोडवेना."

मी म्हटलं, तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. त्याने तिचं समाधान झालं नाही, आणि होणारही नव्हतं.

निवडणुका झाल्या, सरकार बदललं, कायद्याचा विषय पुन्हा निघाला. समिती पुन्हा यायची होती. दाभण नाव द्यायला गेली तेव्हा तिथल्या कारकुनाने तिला ओळखलं. तो म्हणाला, तुमचं काम तर झालं ना मागे? ती म्हणाली, माझं झालं, म्हणूनच आलेय.

त्याआधी तिने एक गोष्ट केली होती. ती अबोलीच्या घरी जाऊन तिला विचारून आली होती, तुझं सांगितलं तर चालेल का. अबोली बराच वेळ भांडी पुसत राहिली. तिला नवऱ्याची भीती होती, आणि ती भीती खोटी नव्हती. मग ती म्हणाली, "सांगा. मी मागे बसेन. कोणी विचारलं तर उभी राहीन."

या वेळी जिने चढून सूनही आली. एकेका टप्प्यावर श्वास घेत, पण आली.

टेबलामागची माणसं बदलली होती, पांढऱ्या केसांचे आमदार मात्र होते. त्यांनी दाभणला ओळखून नमस्कार केला. तिनेही केला. मग म्हणाली, मागच्या वेळी साहेबांनी मला एक विचारलं होतं आणि मी बरोबर म्हटलं होतं. ते परत घ्यायला आले आहे.

आमदार म्हणाले, "तेव्हा तुम्ही खोटं बोललात का?"

"खोटं नाही. अर्धं बोलले. माझ्या मुलाला यायला वेळ नव्हता, ते सांगितलं. माझ्या सुनेला काय हवं ते तिने स्वतः सांगून चालत नव्हतं, ते सांगितलं नाही. मुलगा चांगला आहे म्हणून माझी सून जगली, साहेब. बाईने जगावं यासाठी नवरा चांगला निघावा लागतो, असा तुमचा कायदा आहे."

मग तिने अबोलीचं सांगितलं. पाच मुलं, सुजलेला गाल, सहावं बाळंतपण, काढलेली पिशवी. बिचारी म्हटलं नाही, रडली नाही. कोणत्या प्रेसवर काम करायची आणि आता का करू शकत नाही, हे सांगितलं.

समितीतल्या एका नव्या सदस्याने विचारलं, मग घरातल्या पुरुषाला काहीच विचारायचं नाही का?

"विचारायचं की," दाभण म्हणाली. "माझी सून विचारते. पत्राला दोन महिने लागतात एवढ्या लांब तो असतो, तरी विचारते. पण ते घरात विचारायचं. तुमच्या टेबलावर नाही."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अबोली उभी राहिली होती. तिला कोणी काही विचारलं नव्हतं. ती काही बोलली नाही, दोन्ही हातांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरून नुसती उभी राहिली. थोड्या वेळाने अध्यक्षांनी तिला बसायला सांगितलं आणि ती बसली.

त्या रात्री तिच्या घरी काय झालं ते मला माहीत नाही. दोन दिवस ती आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती धाकट्या तिघांना घेऊन बहिणीकडे राहायला गेल्याचं सांगत, आणि पुढे तिथेच राहिली.

त्या वर्षी बदलाचा प्रस्ताव मतदानात पडला. पुढच्या वर्षी तो मांडलाच गेला नाही. पांढऱ्या केसांचे आमदार पहिल्यापासून विरोधातच होते. कधी भेटले तर ते दाभणला नमस्कार करायचे आणि ती परत करायची. तिसऱ्या खेपेला, चार मतांनी, संमतीची सही कायद्यातून गेली. महिनाभराची वाटही गेली.

बातमी मुकादमाच्या रेडिओवर आली तेव्हा आम्ही सगळ्या एका मोठ्या ताडपत्रीच्या कडेला बसलो होतो, बंदरावरची घाईची मागणी होती. तोपर्यंत दाभणची बोटं सुजायला लागली होती आणि ती जाड काठ दोन दमांत शिवायची. तिने काम थांबवलं नाही. अबोली म्हणाली, "मला आता त्याचा काय उपयोग." ते ती कडवटपणे म्हणाली नाही, जसं आहे तसं म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मोठीला सांगायला हवं."

तिची मोठी मुलगी नुकतीच लग्न होऊन त्याच गावात राहत होती, कापडाच्या दुकानात कामाला होती. महिन्या-दीड महिन्याने ती दुपारच्या सुट्टीत शेडच्या दारात आली. अबोली उठून गेली. दोघी दाराशी उभ्या राहून बोलत होत्या, आम्हाला ऐकू येत नव्हतं. मुलगी गेली आणि अबोली परत येऊन बसली.

दाभणने विचारलं, "दवाखान्यात काही त्रास दिला का?"

"रांग होती म्हणे," अबोली म्हणाली. "बाकी काही विचारलं नाही."

दाभणने मान हलवली आणि दोरा मागितला.